महेबूब चाचांचा उरलेला डोळा

उमरग्याच्या औद्योगिक वसाहतीत महेबूब चाचांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. ओळख पटायला वेळही लागायचा नाही, कारण चाचांना एकच डोळा होता. डावा डोळा सव्विसाव्या वर्षी गेला. तेव्हा ते नळदुर्गला हायवेच्या कडेला एका गॅरेजात लेथवर काम करायचे, ट्रकचे ब्रेकड्रम घासून द्यायचे. डोळ्यांवर चष्मा लाव म्हणून सांगणारं तिथं कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्या वयात त्यांनी ऐकलं नसतं. एक दिवस बिडाच्या लोखंडाचा कपचा उडाला आणि सरळ डोळ्यात शिरला. एका ट्रकवाल्यानं त्यांना केबिनमध्ये घालून सोलापूरला पोचवलं, पण डोळा वाचला नाही. पुढं तीस वर्षं चाचा ही हकीकत हसत हसत सांगायचे. "अल्लानं दोन दिले व्हते, येक म्या जवानीत खर्चून टाकला," असं म्हणायचे. ऐकणारे हसायचे. त्यांची बायको ताहेराबी तेवढी कधी हसली नाही.

नवरा सकाळी डबा घेऊन बाहेर पडला की संध्याकाळी दारात त्याचं तोंड दिसेपर्यंत या बाईचा जीव टांगणीला लागलेला असे. शेजारणी तिला घाबरट म्हणायच्या. म्हणणाऱ्यांच्या बापाचं काय जातं! दोनातला एक गेल्यावर एक उरतो, आणि त्या एकातला एक गेला की घरात कोण आलं, कोण गेलं हेही माणसाला विचारावं लागतं, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती रोज डब्याबरोबर चष्म्याची आठवण करून द्यायची आणि चाचा रोज मान हलवून जायचे.

डोळा गेल्यावर चाचांचे कान तयार झाले. कटर धातूत शिरलं की त्याचा आवाज ऐकून ते सांगायचे, धार गेली आहे, की माल कडक आहे, की बांधणी ढिली आहे. हणमंतप्पांनी त्यांना वर्कशॉपमध्ये घेतलं ते याच कानांसाठी. अप्पांचं वर्कशॉप हायवेपासून दोन फर्लांगांवर, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये. तिथं मोठ्या पंपांचे भाग व्हायचे. चार वर्षांपूर्वी अप्पांनी पुण्याहून एक जुनी फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन आणली. साध्या मशीनचं कटर मागं-पुढं, डावं-उजवं आणि वर-खाली जातं. या मशीनचं डोकं शिवाय कलायचं आणि खालचं टेबलही फिरायचं, त्यामुळं वाकडातिकडा, पिळलेला पृष्ठभागही तिच्यावर कोरता यायचा. तिच्यावर चाचांनाच बसवलं. छप्पन वर्षांचा माणूस नव्या सुनेसारखा महिनाभर त्या मशीनचा अंदाज घेत राहिला आणि मग ती त्यांच्या हाताखाली मुकाट चालू लागली.

पण अशा मशीनला कोणीतरी आधी सांगावं लागतं की कटरनं कुठून निघायचं, कुठं किती कलायचं, कुठून कुठं जायचं. त्याला टूलपाथ म्हणतात, आणि तो कॉम्प्युटरवर आखावा लागतो. हे काम शिवकन्याचं. शिवकन्या येणेगूरकडची, आयटीआय करून चाकणला सहा वर्षं हेच काम केलेली. वडिलांचं अंग लुळं पडलं तेव्हा ती गावी परतली आणि अप्पांनी तिला लगेच ठेवून घेतलं. वय एकतीस, अंगानं किरकोळ, कामात वाघीण. तिला स्वतःच्या कामाचा गर्व होता, आणि तो असण्यासारखंच काम ती करायची. गर्वाचं वाईट एवढंच, की तो ज्याचा असतो त्याला दिसत नाही.

चाचा आणि तिचं जमलं ते पहिल्या आठवड्यातच. ती पडद्यावर रेषा आखायची आणि चाचा त्या रेषांचा आवाज ऐकायचे. "शिवकन्या, तिसऱ्या पात्याच्या बुडाला कटर अडखळतंय गं," असं ते येऊन सांगायचे. ती बघायची, तर खरंच तिथं कटरला एकदम दिशा बदलावी लागत असायची. ती तिथलं वळण मोठं करायची. असं करता करता त्यांनी तिला ऐकायला शिकवलं. कुठला आवाज कापण्याचा, कुठला घासण्याचा, कुठला कटर वाकल्याचा, हे तिला डोळे मिटून कळायला लागलं. चाकणच्या सहा वर्षांत तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

ताहेराबीनं हे सगळं नवऱ्याकडून ऐकलं होतं. एकदा ईदच्या दुसऱ्या दिवशी शिवकन्या शीरखुर्मा खायला गेली, तेव्हा ताहेराबीनं तिला चुलीपाशी गाठलं.

"पोरी, ती मशीन तू सांगशील तशी फिरती म्हनं."

"व्हय चाची."

"मग ऐक. ह्यांचा एक डोळा ऱ्हायलाय. त्यो आजपासून तुज्या हवाली. ह्ये माजं ऐकत न्हाईत, तुजं ऐकतील."

शिवकन्यानं हसून मान डोलावली. ताहेराबी हसली नाही. तिनं शिवकन्याचा हात धरला आणि "तोंडानं बोल," म्हणाली. तेव्हा शिवकन्याला तोंडानं "व्हय, माझ्या हवाली," असं म्हणावं लागलं. शीरखुर्मा गोड होता आणि विषय तिथंच राहिला.

भीती वाटावी असं कारण मात्र होतं. मशीन चालू असताना दार बंद असावं लागतं. दार उघडलं की मशीन आपोआप थांबावी म्हणून चौकटीत एक स्विच असतो, दाराला लावलेली पत्र्याची जीभ त्यात शिरली की मशीनला कळतं, दार लागलं. चाचांनी तशीच एक सुटी जीभ करून स्विचमध्ये खोचून ठेवली होती. दार सताड उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटायचं. दाराची काच चार वर्षं उडणाऱ्या धातूच्या बुरांनी घासून इतकी अंधुक झाली होती की दोन डोळ्यांच्या माणसालाही आतलं दिसू नये. शेवटच्या फिरतीला, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करताना, कटर थंड ठेवणारं पाणी बंद करून नुसती हवा मारायचे, आणि तेव्हा चाचा दार सारून आत वाकायचे. शिवकन्यानं ती जीभ दोनदा काढून घेतली. चाचांनी दोनदा नवी केली. तिनं त्यांना नवाकोरा चष्मा आणून दिला. तो ते लावायचे, आणि नेमकं बघायच्या वेळी कपाळावर सरकवायचे. अप्पांना सगळं ठाऊक होतं, पण नवी काच मागवायला त्यांना सवड होत नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एका कंपनीची बारा इम्पेलरची ऑर्डर आली. इम्पेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारा पंखा. त्याची सात पाती एकाला एक खेटून, बुडापासून टोकापर्यंत पिळलेली. स्टेनलेस स्टीलचा गोळा कोरून ती काढायची. दोन पात्यांच्या मधली फट इतकी अरुंद की कटर आत घातलं तर ते धरणारा होल्डर शेजारच्या पात्याला थटायला बघायचा.

वाकड्या पृष्ठभागावर कटर फिरवणं हे उतारावरचं रान नांगरण्यासारखंच असतं. नांगराचे तास किती जवळजवळ घ्यायचे यावर काम ठरतं, आणि सगळा वेळ जातो बांधावर औत वळवण्यात. शिवकन्याचा पहिला पाथ पाच तास चाळीस मिनिटांचा होता. तिनं वळणं कमी केली, कटरची रिकामी धाव कमी केली, पात्याच्या उतारानुसार कल बदलत नेला आणि वेळ चार तास दहा मिनिटांवर आणला. चाकणच्या तिच्या जुन्या साहेबानंसुद्धा पाठ थोपटली असती.

पण अप्पांना चार तासांच्या आत हवं होतं. दोन पाळ्यांचे सोळा तास, त्यात चार इम्पेलर बसवायचे तर एकाला चार तास. वरच्या दहा मिनिटांमुळं चौथा पंखा रोज अर्धवट राहायचा आणि दुसऱ्या दिवसावर जायचा.

"दहाच मिनिटं गं शिवकन्या," अप्पा म्हणाले. "एवढं केलंस, आता तेवढ्यात काय अडलंय?"

नवरात्र बसलं होतं. शिवकन्या तीन दिवस पडद्याला चिकटून राहिली. शेवटी तिला सापडलं. प्रत्येक पात्याच्या मध्यावर होल्डर थटू नये म्हणून कटर बाहेर काढून, डोकं दुसऱ्या बाजूला कलवून पुन्हा आत घालावं लागत होतं. सात पाती, सात वेळा बाहेर, सात वेळा आत. कटर होल्डरमधून आणखी सोळा मिलिमीटर बाहेर काढलं तर होल्डर पात्यापासून लांब राहील आणि बुडापासून टोकापर्यंत एका दमात जाता येईल. तिनं मांडून बघितलं. तीन तास एकोणसाठ मिनिटं. अकरा मिनिटं वाचली.

कटर जितकं लांब काढावं तितकं ते वाकतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सहा मिलिमीटर जाडीचं, गोल टोकाचं, कार्बाइडचं कटर. कार्बाइड कडक असतं, पण ते वाकून सावरत नाही, काचेसारखं तुटतं. तिनं वेग कमी केला, घास कमी केला, कॉम्प्युटरवर सगळं तपासलं. पडदा हिरवा दाखवत होता. अष्टमीला चाचांनी या पाथवर पहिला पंखा काढला. तो देखणा निघाला. अप्पांनी तो हातात घेऊन देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडं बघावं तसं बघितलं.

चाचा मात्र तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बेटा, त्यो लांब कटर कन्हतोय."

"म्हंजी कापताना आवाज येतो का?"

"कापतोय बराबर. पन मदी मदी कन्हतोय. आजारी मानूस झोपेत कन्हतं तसं. ते सोळा मिलिमीटर माघारी घे."

"चाचा, माघारी घेतलं की वेळ गेला. मी सगळं तपासलंय. बघा ना, पंखा कसा निघालाय."

चाचांनी पंखा बघितला, तिच्याकडं बघितलं. "तू म्हनतीस तर ठीकच असंल. म्या जुना मानूस, मला कॉम्प्युटरमदलं काय समजतं," असं म्हणून ते मशीनकडं गेले. शिवकन्याला त्यांच्या बोलण्याचा थोडा राग आला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिनं पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं असतं. चाचांनी म्हटलं, आणि तिला वाटलं म्हातारा आता उगाच भितो. पुढं हा राग आठवला की तिला स्वतःची किळस येई.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी औत, कोयता, वजनकाटा, शिलाई मशीन, टेम्पो, सगळ्यांची पूजा होते आणि सगळ्यांना सुट्टी असते. वर्कशॉपमध्ये तर तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. चाचा दरवर्षी स्वतः टूल मांडायचे. एका पांढऱ्या चादरीवर होल्डर, कटर, पाने, व्हर्नियर, हातोडे ओळीनं लावायचे, आणि मग डोक्यावर टोपी घालून मागं उभे राहायचे. पूजा अप्पांची बायको महेश्वरी वहिनी करायच्या. मायाळू बाई. एकाही हत्याराला वगळायच्या नाहीत, एवढ्याशा ड्रिललासुद्धा हळद आणि कुंकवाचं बोट लावायच्या.

त्या लांब कटरच्या होल्डरपाशी त्या आल्या. होल्डरचा वरचा भाग निमुळता आणि आरशासारखा चकचकीत असतो. तो मशीनच्या स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या, पोकळीत केसाच्या जाडीचीही फट न ठेवता बसावा लागतो. खाली धार, मध्ये खाचा, तेव्हा बोट टेकवायला जागा ती चकचकीतच. वहिनींनी तेल लागलेल्या त्या शंकूवर अंगठ्यानं ठसठशीत कुंकू लावलं आणि हात जोडले. शिवकन्यानं बघितलं. तिच्या मनात आलं, हे मशीनला लावायच्या आधी काढायला हवं. भर पूजेत बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून ती गप्प राहिली. पूजा झाल्यावर वहिनी दरवर्षीप्रमाणं म्हणाल्या, "कुंकू पुसायचं न्हाई हं कुणी. वापरता वापरता आपोआप जाऊ द्यायचं." लेथवर, ड्रिलवर, हातोड्यावर ते तसंच जायचं. कुणाचं काही बिघडायचं नाही. मग नारळ फुटला, पेढे वाटले आणि सगळे घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवकन्या दहाला पोचली, गावाकडची बस उशिरा निघाली होती. चाचांनी आठलाच टूल भरून, त्यांची लांबी मोजून इम्पेलर सुरू केला होता. पाणी मारत मारत मोठं कापून झालं होतं. तिनं लांबूनच हात केला, त्यांनीही केला. कपाळावर चष्मा होता. ती कॉम्प्युटर सुरू करायला केबिनमध्ये गेली.

चाचांनी त्या सकाळी काय केलं ते नंतर कळलं. त्यांनी एकेक होल्डर फडक्यानं पुसला. या होल्डरपाशी त्यांचा हात थांबला. वहिनींच्या हातचं कुंकू. तीस वर्षं ते या पूजेत उभे राहिले होते. हिंदूंच्या बाईनं लावलेलं, तिनं पुसू नका म्हटलेलं कुंकू आपण पुसायचं? ते त्यांच्याच्यानं होईना. त्यांनी कुंकवाच्या भोवतीनं पुसलं. टूल बदलताना मशीन शंकूवर जोरानं हवा मारते, तेव्हा जे जायचं ते आपोआप जाईल, असा त्यांनी विचार केला. पण तेलात भिजून दोन दिवस वाळलेलं कुंकू पापुद्र्यासारखं धरून बसलं होतं. ते हवेनं गेलं नाही. होल्डर स्पिंडलमध्ये बसला तो केसभर तिरका. वर केसभर तिरका, म्हणजे खाली लांब कटरच्या टोकाला त्याच्या कितीतरी पट.

अकराच्या सुमाराला पाणी बंद झालं आणि हवेचा फुस्स आवाज सुरू झाला, शेवटची फिरत. शिवकन्या केबिनमध्ये दुसरं ड्रॉइंग बघत होती. तिचे कान आपोआप तिकडं गेले. पहिलं पातं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला तिला तो आवाज ऐकू आला. कण्हणं. अष्टमीला चाचांनी सांगितलं तेव्हा तिला तो ऐकू आला नव्हता, कारण तिला तो ऐकायचा नव्हता. आता त्याच्याकडं कानाडोळा करणं शक्य नव्हतं. कण्हण्यामागं आणखी एक आवाज होता, ठरावीक ठेक्यानं थटल्याचा. तिनं मान वर केली तर चाचांनी दार सारलं होतं आणि उरलेला डोळा बारीक करून ते आत वाकत होते. त्यांनीही तोच आवाज ऐकला होता.

"चाचा, मागं व्हा!"

ती ओरडत धावली. मशीनवरचं लाल बटण बारा पावलांवर होतं. सात-आठ पावलं झाली असतील. काडी मोडावी एवढाच आवाज आला. चाचांनी दोन्ही हात तोंडावर नेले आणि ते खाली बसले, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे हळूच. स्पिंडल रिकामं गरगरत होतं. तिनं बटण दाबलं आणि सगळं थांबलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आपल्याकडून काही कमी केलं नाही. दोनदा शस्त्रक्रिया केली. कार्बाइडचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. नवव्या दिवशी त्यांनी ताहेराबीला बाहेर बोलावून सांगितलं, की उजेड आणि अंधार कळेल, त्याहून जास्त काही कळणार नाही.

अप्पांनी सगळ्यांसमोर दाराच्या स्विचमधली ती जीभ उपटून काढली आणि रडले. काच आठ दिवसांत आली. अप्पा शिवकन्याला म्हणाले, "तुझा काय दोष? दार उघडं ठेवलं त्यांनी." वसाहतीत सगळे तेच म्हणत होते.

शिवकन्यानं त्याच दिवशी तो होल्डर स्वतः काढून बघितला होता. शंकूवर तपकिरी झालेला लाल पापुद्रा. तिनं तो कोणाला दाखवला नाही. फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग एका रविवारी वर्कशॉप बंद असताना अप्पांकडून किल्ली मागून ती एकटी आली. भंगारातला स्टीलचा ठोकळा बांधला, दार लावलं, स्विच खरोखर लागलाय ना ते दोनदा बघितलं, आणि तिनं तीन प्रयोग केले.

आधी स्वच्छ होल्डर आणि लांब कटर. कण्हत कण्हत, पण चाललं. मग तोच कुंकवाचा पापुद्रा असलेला होल्डर आणि कटर जुन्या मापाचं, सोळा मिलिमीटर आखूड. पृष्ठभाग खडबडीत आला, आवाज घाण आला, पण तासभर कापूनही कटर तुटलं नाही. शेवटी तोच होल्डर आणि लांब कटर. नवव्या मिनिटाला नव्या काचेवर आतून काहीतरी आदळलं आणि काचेला पांढरा टवका गेला. तो टवका बरोबर तिच्या तोंडासमोर होता. कुंकवानं एकट्यानं डोळा गेला नसता. तिच्या अकरा मिनिटांवाचून तो गेला नसता. आणि ज्याला हे आधी ऐकू आलं होतं त्याला तिनं गप्प केलं होतं. ती तिथंच भिंतीला टेकून पोटभर रडली, कारण बघायला वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं.

संध्याकाळी ती चाचांच्या घरी गेली. ताहेराबी अंगणात सुपात तूरडाळ निवडत होती. शिवकन्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुंकू, सोळा मिलिमीटर, कण्हणं, तीन प्रयोग. काही लपवलं नाही. ताहेराबीचे हात सुपात थांबले होते.

"तुज्या हवाली केला व्हता म्या," ती म्हणाली.

"व्हय चाची."

"तुला माफ केलं न्हाय म्या. करीन का न्हाय, अल्लाला ठावं."

"व्हय."

"पन आता माजं येक ऐक." ताहेराबीनं घराकडं बघून आवाज खाली आणला. "दवाखान्यातनं आल्यापासनं ह्ये झोपत नव्हते. सारकं म्हनायचे, पोरीच्या कामात काय खोट ऱ्हायली का? म्या शिकिवलेली पोर, तिच्या हातनं आसं कसं हुईल? मग परवा त्येंना ते कुंकू आठवलं. माजीच चूक, म्या पुसलं न्हाय, म्हनले. आन झोपले. पयल्यांदा झोपले. ते तुला इच्यारतील. तू ह्यातलं येक अक्षर बोलायचं न्हाय."

"चाची, मी खोटं बोलू?"

"व्हय. जलमभर. तेवढं तरी कर."

आतून खाट करकरली. "कोन आलंय? शिवकन्या हाय का?"

ताहेराबीनं सूप बाजूला ठेवलं आणि तिला दंडाला धरून आत नेलं. चाचा खाटेवर बसले होते. डोळ्यांवरची पट्टी काढली होती आणि उजवा डोळा उघडा होता, पण तो तिच्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी बघत होता. त्यांनी हात पुढं केला. हवेत चाचपडणारा तो हात शिवकन्यानं धरला.

"बस बेटा. तुला येक इच्यारायचं व्हतं. वहिनींना बोलू नगंस, त्या मनाला लावून घेतील. त्यो होल्डर म्या नीट पुसला न्हाय. कुंकू व्हतं."

"मला म्हाईत हाय चाचा. बघितला मी."

"मग त्यानंच झालं ना? का तुज्या पाथमदी काय व्हतं?" त्यांचा हात घट्ट झाला. "अष्टमीला म्या तुला म्हनलो, कन्हतोय. तसं काय व्हतं का?"

शिवकन्यानं ताहेराबीकडं बघितलं. ताहेराबी दाराला टेकून उभी होती आणि तिच्याकडंच बघत होती.

"न्हाय चाचा," शिवकन्या म्हणाली. "तसं काय नव्हतं. पाथ बराबर व्हता. तुमाला निस्तं तसं वाटलं."

चाचांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले, तोंडावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलेलं दोघींना दिसत होतं.

"म्हंजी कान बी गेले म्हनायचं माजे," ते हसत म्हणाले. "जाऊ दे. तुजं काम बराबर हाय, बास झालं." मग त्यांनी बायकोला हाक मारून पोरीसाठी चहा ठेवायला सांगितलं.